वहीतले कोरे गुरुवार

शेवटी मी जिंकले, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्यानं उगाच काळजी करत बसू नये.

बारामतीत अकरा वर्षं झाली, मी बायकांना गाडी चालवायला शिकवते. गाडी एकच आहे. माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवून घेतलेत. सोमवार ते गुरुवार बारामती. शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी इंदापूरची बाजू. वालचंदनगरच्या कॉलनीतल्या बायका, भिगवणच्या दोघीचौघी, मधल्या वाड्यावस्त्यांवरच्या सुना. माझ्याकडे शिकलेल्या बायका आज डेअरीवर दुधाचे कॅन नेतात, पोरांना शाळेत सोडतात. एकीनं सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागल्यावर स्वतः गाडी काढून दवाखाना गाठला आणि म्हातारा वाचला. हे काम मी कुणाच्या मेहेरबानीनं उभं केलेलं नाही.

पण मागच्या दोन वर्षांत कुठल्या रस्त्यानं जायचं हे माझं पोट ठरवायला लागलं. सकाळी उठल्याबरोबर मुरडा यायचा. जाऊन यायचं, चहा घ्यायचा, की परत जायचं. कधी तीनदा, कधी चारदा. मग दोन दिवस काहीच नाही, नुसतं पोट डब्ब. दुपारनंतर सलवारीची नाडी सैल करून शिकवायची वेळ यायची. जाऊन आलं की थोडा वेळ हलकं वाटायचं, मग पुन्हा तेच. बारामती ते इंदापूर कुठल्या पंपावरचा संडास उघडा असतो, कुठल्या मासळीच्या हॉटेलचा मालक काही न विचारता मागचं दार उघडून देतो, कॉलनीत कुठल्या घरी 'जरा हात धुते' म्हणून आत शिरता येतं, हे मला पाठ झालं होतं. शिकणाऱ्या बायकांना वाटायचं, मॅडमनी सरावासाठी चांगले रस्ते निवडलेत.

उपाय कमी केले नाहीत. चूर्णं झाली, गोळ्या झाल्या, काढे झाले. शेजारच्या म्हातारीनं बेंबी सरकली म्हणून पोटावर दिवा लावून वर तांब्या उपडा घातला. तांब्या चिकटला, म्हातारी खूश झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत पळाले. तीनदा सोनोग्राफी केली. तीनदा नॉर्मल. एका डॉक्टरांनी अपेंडिक्स काढून टाकू म्हटलं. मी विचारलं, सुजलेलं दिसतंय का? म्हणाले, दिसत नाही, पण काढलेलं बरं. मी उठून आले. कुठं बिघाड आहे ते कळल्याशिवाय मी गाडीचं इंजिनही खोलू देत नाही.

त्या नॉर्मल शब्दानं मात्र मला जेरीला आणलं. घरी रिपोर्ट आला की आमचे हे चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचे. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मीटर दाखवेल तेवढंच खरं, ही त्यांची जन्माची सवय. "सगळं नॉर्मल हाय की गं," म्हणायचे, "मग तुला होतंय तरी काय?" त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. पण मला प्रत्येक वेळी खोटं बोलताना पकडल्यासारखं व्हायचं.

अशात एका ट्रायलच्या दिवशी तोंडावर आपटले. माझ्याकडच्या चौघींची आरटीओत लायसनची ट्रायल होती. त्यातली एक बारामतीतल्या एका दवाखान्यात सिस्टर, रात्रपाळी करून तशीच आलेली. आमच्या आधी दोनच गाड्या उरल्या आणि मला मुरडा आला. 'आलेच' म्हणून निघाले ती जवळच्या पंपावर. आत बसल्यावर लक्षात आलं, गाडीची किल्ली माझ्या मुठीत आहे. परत आले तेव्हा चौघी बंद गाडीपाशी उभ्या होत्या. साहेबांनी दोनदा पुकारून पुढचा नंबर घेतला होता. मी वाद घातला नाही. त्यांचं बरोबर होतं. चौघींना नवी तारीख मिळाली ती दीड महिन्यानंतरची. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, गाडी विकून टाकू. दुसऱ्याच्या बायकांना रस्त्यावर असं उभं करायचं असेल तर शिकवणं बंद केलेलं बरं. माझ्या चुलतदिरांचा गाडीवर आधीपासून डोळा होता. ते दुसऱ्याच दिवशी आले. मी सांगितलं, या चौघींची ट्रायल होऊ द्या, त्या दिवशी संध्याकाळी गाडी घेऊन जा. ते लगेच म्हणाले, "वैनी, तुमी आता आराम करा." आराम करण्याइतकी मी म्हातारी नव्हते. सत्तेचाळीस वय. पण शब्द देऊन बसले. म्हणजे माझ्या हातात दीड महिना होता.

दोन दिवसांनी सिस्टर सरावाला आली. कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर मी तिला मध्येच गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पोट धरून बसले. ती समोर बघतच म्हणाली,

"मॅडम, रागावणार न्हाय ना? पोट हाय ना तुमचं?"

"आहे. सगळ्यांना असतं."

"तसं न्हाय. आमच्याकडं शनिवारी दुपारी पुण्याहून पोटाचे डॉक्टर येत्यात."

मी म्हटलं, पोट सगळ्यांनीच बघितलंय आणि सगळ्यांनी नॉर्मल म्हणून परत पाठवलंय.

"हे बघत न्हाईत, मॅडम, विचारत्यात. एकेकाला अर्धा तास विचारत बसत्यात. बाहेर लाईन लागती आन् शिव्या आमी खातो."

हे मला पटलं. त्याच शनिवारी इंदापूरहून परत येऊन दुपारी मीही त्या लाईनीत बसले.

डॉक्टर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होते. 'बसा ताई' म्हणून त्यांनी माझी जाडजूड फाईल न उघडता बाजूला ठेवली आणि विचारायला लागले. दुखण्यानं झोपेतून जाग येते का? नाही. रक्त पडतं का? नाही. वजन उतरलं का? उतरलं असतं तर पेढे वाटले असते. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? नाही. जाऊन आल्यावर दुखणं कमी होतं की वाढतं? कमी होतं. हे शेवटचं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी टेबलाच्या काचेखालचा एक कागद दाखवला. त्यावर ओळीनं सात चित्रं होती, लेंड्यांपासून पाण्यापर्यंत. "यातलं तुमचं कुठलं?" माझ्या ऑफिसात वाहतुकीच्या खुणांचा असाच तक्ता आहे, त्यावर बोट ठेवून मी बायकांची परीक्षा घेते. मी पहिलं आणि सहावं दाखवलं. दारात उभी असलेली आमची सिस्टर छताकडे बघत होती.

ते म्हणाले, लक्षणांवरून ओळख पटत चाललीय. पण पंचेचाळिशी उलटली आहे, तेव्हा एकदा दुर्बीण घालून आतडं आतून बघून घेऊ. रक्त, थायरॉईड, गव्हाचं वावडं आहे का त्याची एक तपासणी आणि शौचाची एक.

"आणि सगळं नॉर्मल आलं तर?" मी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

"तर मला आनंद होईल. तपासणी मला काय नाही ते सांगते, ताई. काय आहे, ते मघापासून तुम्ही सांगताय."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं पुरावा म्हणून धरलं. मी त्यांना ट्रायलची तारीखही सांगून टाकली, गाडीचंही सांगितलं. त्यांनी वायदा केला नाही. वही ठेवा म्हणाले. तीन आठवडे, जे खाल ते, जेव्हा दुखेल तेव्हा, जेव्हा जाल तेव्हा लिहायचं. औषध ते वही बघून देणार होते.

वही ठेवण्यात मी पक्की आहे. कुठल्या बाईनं किती दिवसांत रिव्हर्स घेतला हेसुद्धा माझ्याकडे लिहिलेलं असतं. शंभर पानी वही आणली, पट्टीनं रकाने पाडले: वेळ, खाणं, दुखलं का, किती वेळा, कुठलं चित्र, विशेष काही. भाकरी किती, भाजी कुठली, मिरचीचा ठेचा होता का, सगळं लिहिलं. मधे दुर्बीणही झाली. तिच्या आदल्या दिवशी जे पाणी प्यायला देतात त्याबद्दल मी लिहीत नाही. ज्यांनी प्यायलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांची वेळ यायची आहे. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. ह्यांनी ते वाचून चष्मा काढला, आणि या वेळी घडी घालून माझ्या वहीत ठेवून दिले.

तीन आठवड्यांनी वही घेऊन गेले ती मोठ्या तोऱ्यात, कारण रोगाचं मूळ मीच शोधलं होतं. वहीत उघड दिसत होतं: तिन्ही आठवड्यांत सगळ्यात वाईट दिवस शुक्रवार. शुक्रवारी मी इंदापूरच्या बाजूला असते. म्हणजे तो रस्ता, ते हादरे, लांबचा प्रवास. डॉक्टरांनी वही उघडायच्या आत मी निदान सांगून मोकळी झाले.

ते मान हलवत पानं उलटत राहिले. मग एका पानावर थांबले, मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं.

"गुरुवारी काय असतं?"

"उपवास."

"म्हणून खाण्याचा रकाना कोरा?"

"खाल्लंच नाही तर लिहिणार काय?"

"काहीच नाही? पाणीसुद्धा?"

"पाणी घेते. चहा घेते."

"आणि?"

"दुपारी साबुदाण्याची खिचडी."

"किती?"

मी दोन्ही हातांनी ताटली दाखवली. ती जरा मोठी झाली म्हणून हात थोडे जवळ आणले.

"आणि?"

"केळी. एक मोठा पेला दूध, अंगात ताकद राहावी म्हणून. रात्री भगर आणि दाण्याची आमटी. मधे भूक लागली तर बटाट्याचा चिवडा. पण उपवासाचा."

बोलता बोलता माझा आवाज माझ्याच कानाला कसातरी लागायला लागला. सिस्टरनं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला होता, पण खांदे हलत होते. डॉक्टर हसले नाहीत. "माझ्या आईचाही गुरुवार असतो," ते म्हणाले. "तीही काही खात नाही."

मग त्यांनी विचारलं, बाकीच्या दिवसांचा चहा कुठाय? मी म्हटलं, चहा काय लिहायचा, तो काय खाण्यात येतो? त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मला आमची पद्धत सांगावी लागली. शिकवणं संपलं की गाडी त्या बाईच्या दारात उभी राहते आणि चहा घेतल्याशिवाय मला सुटका नसते. चहा नको म्हणणं म्हणजे तुमचं घर मला कमी वाटतं असं सांगणं. घरचं दुभतं असलेल्या घरात तर पाणी औषधाला, नुसतं दूध. रोज सहा बायका, सहा दारं, शिवाय घरचे दोन. तीन आठवड्यांच्या त्या नेटक्या वहीत यातला एक कप नव्हता.

त्यांनी लाल पेन घेतलं आणि माझे कोरे रकाने माझ्यादेखत भरले. गुरुवार भरला की शुक्रवार आपोआप कळत होता. दुपारपर्यंत चहावर उपाशी, मग एकदम तेल-दाण्याचं भरपूर, मग पेलाभर दूध, आणि सकाळी मी गाडीत. इंदापूरचा रस्ता निर्दोष सुटला. मला लाज वाटली ती फार तर मिनिटभर. पुढच्या मिनिटाला मी मनातल्या मनात जागची उठून उभी राहिले होते. शत्रूचा पत्ता लागला होता.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, आयबीएस. मी म्हटलं, मराठीत लिहून द्या, घरी वाचून दाखवायचंय. त्यांनी माझ्याच वहीत ठळक अक्षरात लिहिलं: आतडं हळवं झालं आहे. त्याच्या हालचालीची लय बिघडते आणि साधा वायूसुद्धा कळ म्हणून जाणवतो. दुखणं खरं आहे, मनाचं नाही. काळजीनं वाढतं एवढंच. याचा कॅन्सर होत नाही. दूध वेगळं बाधत असेल, म्हणून आधी दोन आठवडे ते पूर्ण बंद करून बघायचं. जेवण थोडं आणि वेळेवर. जेवणाआधी मुरड्याची गोळी, आणि इसबगोल भरपूर पाण्यातून. पूर्ण जाईल का, विचारलं तर म्हणाले, अधूनमधून डोकं वर काढेल, पण आता तुम्ही त्याला ओळखता.

ह्यांनी ते पान तीनदा वाचलं. मग म्हणाले, "लोडवरचा फॉल्ट हाय म्हण की. मोकळी मोटर मीटरवर लावली तर काय बी दावत न्हाय, आन् शेतात पाण्यावर बसवली की आचके देती. अशा मोटरी येत्यात माझ्याकडं. मी गिऱ्हाइकाला खोटं न्हाय म्हणत, पाण्यावर नेऊन बघतो." दोन वर्षं जे मी समजावू शकले नव्हते ते त्यांना त्यांच्या मोटरीनं समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः माझ्यासाठी बिनदुधाचा चहा ठेवला. कडू होता. प्याले.

आता खरी लढाई दारोदारच्या चहाची होती. पहिल्याच दिवशी एका वस्तीवर मी सांगितलं, मला कोरा चहा द्या. त्या सुनेच्या सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या.

"कोरा? मॅडम, आमच्या घरात कोण गेलंय का? कोरा मयताच्या घरी देत्यात."

आधीची मी असते तर दुधाचा घेऊन गप्प बसले असते. या वेळी सरळ सांगितलं, मावशी, माझं आतडं हळवं आहे, दुधानं मला संडासला पळावं लागतं. मग सासूबाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "मला बी तसंच होतंय. कुणाला सांगायचं?" सून आतून ऐकत होती. त्या घरात त्या दिवशी दोन कोरे चहा झाले. आठवड्याभरात मला दोन बायकांनी विचारलं, मॅडम, ती वही कशी ठेवायची? मी रकाने पाडून दिले आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: उपवास आणि चहासुद्धा. शिवाय बजावलं, वही घेऊन डॉक्टरकडे जायचं, माझ्याकडे नाही. मी गाडी शिकवते.

गुरुवार मी सोडला नाही. खिचडी सोडली. दुपारी वेळेवर मूठभर भगर आणि काकडी, संध्याकाळी राजगिऱ्याची छोटी भाकरी. पहिला शुक्रवार तसाच गेला. दुसऱ्या शुक्रवारी मी वालचंदनगरहून निघून थेट इंदापूरपर्यंत पोचले आणि तिथं पोचल्यावर मला आठवलं की वाटेतला एकही संडास मला आठवला नव्हता.

ट्रायलच्या सकाळी मी किल्ली आधीच सिस्टरच्या हातात ठेवली. विश्वास वेगळा, शहाणपण वेगळं. उन्हात रांग हळूहळू सरकत होती. अकराच्या सुमाराला बरोबर तिथंच, बेंबीच्या खाली, मुरडा आला. आधी अशा वेळी मला घाम फुटायचा, आणि घामानं मुरडा वाढायचा. या वेळी मी गाडीला टेकून उभी राहिले आणि त्याला म्हटलं, ये, तू कोण आहेस ते मला माहीत आहे. लांब श्वास घेतले. सकाळची गोळी पोटात होती, दूध नव्हतं. पाच मिनिटं गेली असतील. तो आला तसा उतरला. मी जागची हलले नाही.

पहिली पास झाली, दुसरी झाली. तिसरीची गाडी चढावर बंद पडली, पण तिनं न घाबरता परत चालू केली आणि पास झाली. सिस्टर शेवटी गेली. उतरली तेव्हा साहेब तिला म्हणाले, मॅडमचं नाव काढलंत. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला असणार.

घरी आले तर चुलतदीर ओट्यावर बसलेले. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर.

"झाली का ट्रायल, वैनी?"

"चौघी पास."

"लई बेस. आता तुमी मोकळ्या."

"मोकळी कुठली? सोमवारपासून नवी बॅच आहे. गाडी द्यायची नाही, भाऊजी."

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "माझ्याकडं काय बघतोस? गाडी तिची हाय."

"शब्द दिला हुता, वैनी."

"दिला होता. काय झालंय ते कळत नव्हतं तेव्हा दिला होता. शब्द मोडला म्हणून रागवा, तुमचा हक्क आहे. पण गाडी मिळणार नाही. त्यापेक्षा जाऊबाईंना पाठवा शिकायला."

"ती? तिला सायकल येत न्हाय."

"सायकल मी शिकवत नाही."

ते पिशवी घेऊन गेले. मला वाटलं, वर्षभर अबोला धरतील. पण सोमवारी सकाळी सात वाजता जाऊबाई गाडीपाशी हजर. चपला बाहेर काढून आत बसली, देवळात शिरावं तशी. मी म्हटलं, घाल बाई चपला, पुढं पायाचंच काम आहे. पहिल्या दिवशी गाडी चारदा बंद पडली. बाराव्या दिवशी तिनं ती गल्लीतून बाहेर काढून स्वतःच्या घरावरून नेली. दीर दारात दात घासत उभे होते. तिथं वळण नव्हतं, समोर कोणी नव्हतं, हॉर्नची काही गरज नव्हती. तिनं दोनदा वाजवला. एरवी अशा वेळी मी टोकते. त्या दिवशी मी काही बोलले नाही.